पशुस्वर मार्गदर्शक

भास्करराव अहिरे यांना सूर्यमाळच्या रानात त्यांच्याच आवाजानं फसवलं, हे आता जव्हारमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पण सांगणारा प्रत्येक जण त्यात स्वतःची फोडणी घालतो आणि भास्कररावांची जास्तीत जास्त शोभा कशी होईल ते बघतो. म्हणून ती हकिगत एकदा जशी घडली तशी सांगून टाकलेली बरी.

सुरुवात झाली ती 'सोबत' या शब्दापासून. वनखात्यानं मे महिन्यात सूर्यमाळला 'कुटुंबासह निसर्ग' नावाचं दिवसभराचं शिबिर ठरवलं होतं. झाडं ओळखा, पानं गोळा करा, पक्षी बघा, नागलीची भाकरी खा आणि घरी जा, असा सुटसुटीत कार्यक्रम. संयोजनासाठी त्यांनी वनमालाबाईंना, म्हणजे भास्कररावांच्या पत्नीला बोलावलं. बाई शाळेत शिक्षिका, मुलं सांभाळण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे 'संयोजक' छापलं होतं आणि खाली बारीक अक्षरात 'सोबत : पती व कन्या.'

पाटबंधारे कार्यालयात वरिष्ठ लिपिक असलेल्या माणसाला 'सोबत' म्हणावं? सोबत पाण्याची बाटली असते, छत्री असते. भास्कररावांनी ती पत्रिका चष्मा लावून आणि चष्मा काढून अशी दोन्ही प्रकारे वाचली आणि जाहीर केलं, "मी मार्गदर्शक म्हणून येणार."

"कशाचे मार्गदर्शक?" वनमालाबाईंनी विचारलं.

हा प्रश्न अवघड होता. भास्कररावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एक बुलबुल बसला होता. "पक्षिस्वराचे," ते म्हणाले.

लहानपणी ते शीळ घालत असत, एवढंच यातलं खरं. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर सराव सुरू झाला. त्यांनी पक्षी निवडला तोही साधा नाही, शीळकरी कस्तूर. हा पक्षी माणसासारखी लांबलचक, गोड शीळ घालतो, असं त्यांनी मोबाइलवर ऐकलं होतं. अडचण एकच होती. त्यांच्या पुढच्या दाताशेजारी एक फट आहे. शीळ छान वर चढायची, वळण घ्यायची आणि शेवटी त्या फटीतून 'फुस्स' अशी हवा निसटायची. सायकलच्या ट्यूबमधून जावी तशी.

शेजारच्या पुष्पलताबाईंनी पहिल्या दिवशी गॅसची गळती समजून रेग्युलेटर बंद केला. मग खरं कळल्यावर ज्येष्ठमधाच्या काड्या आणून दिल्या. त्यांच्या यजमानांनी सुचवलं की फटीत मेण भरावं. मेण भरलं, तर शीळच येईना आणि मेण पोटात गेलं. कोपऱ्यावरचा जीपवाला हरेश म्हणाला, "काका, शीळ राहू द्या. तुम्ही गाढवाचा आवाज चांगला काढाल." हा मुलगा शिबिराला गाडी नेणार होता म्हणून भास्कररावांनी राग गिळला.

त्यात परवानगीचं लचांड. रानात मोठा आवाज करायला बंदी असते, म्हणून शीळ घालायलाही रीतसर अर्ज हवा. जव्हारच्या कार्यालयानं मोखाड्याला जायला सांगितलं, मोखाड्यानं विचारलं, शीळ तोंडाची की यंत्राची? 'तोंडाची' असं लिहून दिल्यावर परवानगी आली : 'शीळ सौम्य असावी व तिचा वन्यजीवांना उपद्रव होऊ नये.' वन्यजीवांकडून शीळ घालणाऱ्याला उपद्रव झाल्यास काय करावं, याचा मात्र त्यात उल्लेख नव्हता.

शिबिराच्या दिवशी सकाळी हरेशची जीप सूर्यमाळच्या घाटात शिरली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. वर पोचल्यावर भास्कररावांना छातीवर लावायला बिल्ला मिळाला. त्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं : 'भास्कर अहिरे, पशुस्वर मार्गदर्शक.'

"पक्षी," भास्करराव म्हणाले. "क्ष आहे त्यात."

बिल्ले वाटणारे वनरक्षक देवराम यांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. सूर्यमाळचेच ते, बोलायला सावकाश. "छापून आलाय साहेब. आता रानात कोण वाचणार?"

रानात सगळ्यांनी वाचला. ठाण्याहून आलेल्या एका कुटुंबातला मुलगा दिवसभर त्यांना "काका, कोल्हा करा ना" म्हणत राहिला.

भास्कररावांनी मन घट्ट केलं. मंडळी झाडीत शिरली. मे महिन्याचं रान ते. पानगळ पायाखाली पापडासारखी मोडत होती आणि ओढा कोरडा पडला होता. पलीकडच्या पाड्यावरच्या बाया टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे मांडून बसल्या होत्या. भास्करराव मधल्या मोकळ्या जागेत उभे राहिले, घसा साफ केला आणि त्यांनी कस्तुराची शीळ घातली. शीळ वर चढली, वळली, फुस्स झाली.

कोणीतरी हसलं. आणि तेवढ्यात खालच्या झाडीतून उत्तर आलं.

तीच शीळ. तसंच वळण. आणि शेवटी, फुस्स.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वनमालाबाईंनी नवऱ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की तसं त्यांनी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेलं नाही. भास्कररावांनी मान किंचित लववून अभिवादन स्वीकारलं. कस्तूर शीळ घालतो, मान्य. पण ती फुस्स कस्तुराची नव्हती. ती त्यांच्या दाताची होती.

"भृंगराज असंल," देवराम म्हणाले. "लांब शेपटीचा काळा पक्षी. दुसऱ्याचे आवाज उचलतो. मांजराचा काढतो, सर्पगरुडाचा काढतो."

"असं होय!" भास्कररावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच मंडळींना भृंगराजाबद्दल दहा वाक्यं सांगितली. ही सगळी वाक्यं त्यांनी देवरामांच्या तीन वाक्यांतून तयार केली होती. कार्यालयात अहवाल लिहिण्याचा सराव असा उपयोगी पडतो.

मग त्यांना चेव चढला. ते शीळ घालीत आणि झाडी उत्तर देई. प्रत्येक वेळी उत्तर थोडं जवळून येत होतं. हे प्रथम किमयाच्या लक्षात आलं. किमया त्यांची मुलगी, चौथीतली. "बाबा, तो पक्षी दिसत का नाही?" तिनं विचारलं. खरंच, लांब शेपटीचा पक्षी एवढ्या उघड्याबोडक्या रानात दिसायला हवा होता. सगळे माना वर करून पाहत राहिले. पानं हलत नव्हती. आवाजही, नीट ऐकलं तर, झाडाच्या शेंड्यावरून येत नव्हता. तो साधारण माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून येत होता.

भास्करराव पुढच्या शिळेसाठी ओठ जुळवत होते. अजून हवा सोडली नव्हती. तेवढ्यात झाडीतून शीळ आली, सबंध, फुस्ससकट.

टाळ्या मिळाल्या त्यांनाच. मागच्या लोकांना वाटलं, त्यांनीच घातली. भास्कररावांनी ओठ तसेच ठेवले आणि हळूच मिटून घेतले.

"आता मुंग्यांकडे वळू या," ते म्हणाले.

मुंग्या आवाज करत नाहीत, हा त्यांचा फार मोठा गुण त्या क्षणी त्यांना जाणवला. आंब्याच्या फांदीवर तांबड्या मुंग्यांनी पानं शिवून घरटं केलं होतं. "किमया, इकडे ये, गंमत दाखवतो," त्यांनी हाक मारली. मुलीनं घरटं पाहिलं, ठाण्याच्या मुलानं ते काडीनं डिवचलं आणि मुंग्या भास्कररावांच्या बाहीत शिरल्या. त्यानंतर जे हातवारे झाले त्यांचं मोबाइलवर चित्रण उपलब्ध आहे. पण त्या गडबडीतही त्यांना वाटलं, आपण किमयाला हाक मारली तेव्हा झाडीतली किड्यांची किरकिर अचानक थांबली होती. कोणीतरी कान देऊन ऐकावं तशी.

जेवण वनखात्याच्या केंद्राच्या अंगणात होतं. पाड्यावरची फागी नागलीच्या भाकऱ्या थापत होती. वाढता वाढता ती भास्कररावांना म्हणाली, "दादा, मघाशी चुलीमागं कशाला आलतास? भाकर मांगितलीस नं मी वळलू, तं तू नाय."

"मी? मी तर तिकडे मुंग्या झाडत होतो."

"तुझाच आवाज," फागी म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली. तिला भाकऱ्यांची घाई होती.

भास्कररावांनी देवरामांना बाजूला घेतलं. "काय हो, भृंगराज माणसासारखं बोलतो का?"

"पाळलेला बोलतो म्हणतात."

"मग हा पाळलेला आहे?"

देवरामांनी भाकरीचा तुकडा मोडला. "असंलही. पण कोणी पाळलाय, ते काय ठावं नाय."

डोक्यावर ऊन आलं. भर दुपारी रान जसं गप्प होतं तसं रात्रीही होत नाही. सावल्या झाडांच्या बुंध्यात शिरून बसतात, वारा पडतो, आणि जरा दूर बोललेलंही कानाशी बोलल्यासारखं येतं. वनमालाबाईंनी मुलांना अंगणाभोवतीची पानं गोळा करायला पाठवलं आणि बजावलं, "हाकेच्या टप्प्यात राहा." नंतर या शब्दांचा त्यांना फार पस्तावा झाला.

भास्करराव पळसाच्या सावलीत बसून ठाण्याच्या गृहस्थांना पशू आणि पक्षी यांतला फरक समजावत होते. तोंडात भाकरीचा शेवटचा घास होता. इतक्यात वनमालाबाई आल्या. "किमया कुठं आहे?"

"होती की इथंच."

"अहो, तुम्हीच तिला बोलावलंत ना आत्ता? ओढ्याकडून?"

भास्कररावांचा घास तोंडातच राहिला. ठाण्याचे गृहस्थ म्हणाले, "हे तर कधीपासून माझ्यासमोर बसलेत."

"मी ऐकलं," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "'किमया, इकडे ये, गंमत दाखवतो,' असं म्हणालात. ती 'आले बाबा' म्हणून पळाली. मी म्हटलं, बापाबरोबर आहे."

पुढचं सगळं धावपळीत झालं. भास्करराव उठले ते चपलांशिवाय. ओढ्याच्या पात्रात तापलेले दगड, काठाला करवंदीच्या जाळ्या. "किमयाऽ!" त्यांनी हाक दिली. हाक समोरच्या टेकाडावर आपटून परत आली. तो प्रतिध्वनी होता, त्यात विशेष नव्हतं. पण मग डावीकडून आणखी एक हाक आली, "किमयाऽ," आणि थोड्या वेळानं पार खालून, जिथं अजून कोणीच गेलं नव्हतं तिथून, तिसरी. तिन्ही त्यांच्याच आवाजात. प्रतिध्वनी पुसट होत जातो. हे आवाज पुसट नव्हते. उलट स्वच्छ होते, त्यांच्यापेक्षा बरे. कार्यालयात दूरध्वनीवर साहेबांशी बोलताना भास्करराव जो आवाज काढतात, तसे.

"अहोऽ!" मागून वनमालाबाई ओरडल्या. "इकडून जा, इकडून! अहोऽ!"

देवराम धापा टाकत आले आणि त्यांनी भास्कररावांचा दंड धरला. "साहेब, हाका बंद करा. पोरीला कुठल्या हाकेकडं जावं ते कळायचा नाय. सगळी गप बसा. आपण पायांनी शोधू."

सगळे गप्प झाले. ओढ्यात, काठावर, अंगणात कोणी बोलेना. आणि त्या शांततेत एकच आवाज राहिला. खालच्या अंगाला, जिथं माळ संपून दरी सुरू होते, तिथून तो येत होता. अगदी निवांत, लाडिक.

"किमया, इकडे ये, गंमत दाखवतो."

थोडं थांबून पुन्हा. "किमया, इकडे ये."

दुसऱ्याच्या तोंडून आपला आवाज ऐकणं वाईट, पण त्याहून वाईट म्हणजे तो आवाज इतका चांगला असणं. कुठलंही पोर त्याच्याकडे गेलं असतं. भास्करराव स्वतःही कदाचित गेले असते.

देवरामांनी पुन्हा खूण केली, गप्प. भास्कररावांनी मान हलवली. आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या गळ्यातून जे बाहेर पडलं त्याला हाक म्हणता येणार नाही.

"किमेऽ! अगं माझी बाय! नको जाऊ गंऽ!"

आवाज मध्येच फाटला. अर्धा शब्द घोगरा, अर्धा चिरका, शेवटी दातातून हवा निसटली आणि त्यापुढे नुसतं रडणं. ठाण्याच्या गृहस्थांनी नंतर कबूल केलं की त्यांना एखादं जनावर ओरडल्यासारखं वाटलं. छातीवरचा बिल्ला बघता त्यांना दोष देता येत नाही.

खालचा आवाज थांबला.

मग करवंदीची जाळी हलली आणि किमया बाहेर आली. केसांत काटे, फ्रॉक फाटलेला, हातात पानांची पिशवी. ती थेट भास्कररावांकडे चालत आली. जिथून ती निघाली तिथं देवराम गेले, त्यांनी फांदी बाजूला केली आणि तसेच दोन पावलं मागे सरकले. जाळीच्या पलीकडे जमीनच नव्हती. खाली ऊन होतं, फक्त ऊन, आणि खूप खोल तळाशी झाडांचे शेंडे.

भास्कररावांनी मुलीला उचलून घेतलं. चौथीतली मुलगी उचलायला जड असते, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

"कुणी बोलावलं तुला?"

"तुम्हीच. पण तुम्ही सारखे पुढेच जात होता. दिसत नव्हता."

"मग परत का आलीस?"

किमयानं जरा विचार केला. "मग मागून पण तुम्हीच ओरडलात. मला कळेना. पण तिकडचे बाबा हसत होते. तुम्ही घाबरला होता." तिनं त्यांच्या गालावरचं पाणी पानांच्या पिशवीनं पुसलं. "मी हरवले तर तुम्ही हसाल कशाला?"

वनमालाबाई दगडावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. फागीनं त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं. त्या दिवसांत, त्या पाड्यावर, तांब्याभर पाणी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून वनमालाबाईंनी एक थेंब सांडू दिला नाही.

समारोप उरकण्यात आला. 'घाबरण्याचं काही कारण नाही, तो पक्षीच असावा,' असं अधिकाऱ्यांनी सांगितलं आणि गाडीत बसून काचा वर केल्या. मार्गदर्शकांना प्रमाणपत्रं वाटली. भास्कररावांनी आपलं न वाचता घडी करून खिशात ठेवलं. वाचायचं धाडस नव्हतं.

हरेशनं जीप सुरू केली तेव्हा ऊन उतरलं होतं. मागच्या बाकावर किमया मध्ये, एका बाजूला भास्करराव, दुसऱ्या बाजूला वनमालाबाई. पहिलं वळण आलं, गाडी मंद झाली, आणि भास्कररावांचे डोळे मिटू लागले.

"अहोऽ!"

"आलो, आलो," भास्करराव म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसाराची सवय. हाक आली की आधी 'आलो' म्हणायचं, मग काय झालं ते विचारायचं. त्यांनी डोळे उघडले आणि बायकोकडे पाहिलं. वनमालाबाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. त्यांचे डोळे मागच्या काचेकडे होते, जिथं रस्त्यावरची धूळ अजून खाली बसली नव्हती.

"अहोऽ, इकडून जा, इकडून," धुळीमागून वनमालाबाईंचा आवाज म्हणाला, आणि जरा वेळानं, जवळून, भास्कररावांचा, "आलो, आलो."

हरेशनं जव्हार येईपर्यंत गिअर बदलला की नाही ते त्याला आठवत नाही. तो एवढंच म्हणतो की मागं वळून पाहिलं नाही.

किमया छान आहे. ती शाळेत पानांचा तक्ता करून घेऊन गेली आणि तिला बक्षीस मिळालं. भास्करराव शीळ घालत नाहीत. पण अहिऱ्यांच्या घरात एक बदल झाला आहे आणि तो शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. वनमालाबाई आता नवऱ्याला हाक मारत नाहीत. काही सांगायचं असलं तर हातातलं काम टाकून, गच्चीवर असले तर गच्चीवर, नळावर असले तर नळावर, त्या त्यांच्यापर्यंत चालत जातात आणि खांद्याला हात लावतात. भास्कररावही तसंच करतात. आणि स्वयंपाकघरातून, जिन्यातून, मागच्या अंगणातून हाक ऐकू आली, तर दोघंही असतील तिथून उठून एकमेकांना शोधत येतात, हात हातात घेतात आणि काही न बोलता उभे राहतात, ती थांबेपर्यंत.

पुष्पलताबाईंनी त्यांना असं उभं राहिलेलं खिडकीतून बरेचदा पाहिलं आहे. या वयात इतकं प्रेम रानातल्या हवेनंच येतं, असं त्यांचं ठाम मत झालंय. पुढच्या उन्हाळ्यात सूर्यमाळच्या शिबिरासाठी त्यांनी आपलं आणि यजमानांचं नाव आत्ताच नोंदवून ठेवलं आहे.